प्रायव्हेट थेरपिस्टकडे जायचं ठरवलंय? मग आधी व्यवहाराचं बोलून घ्या

थेरपी सुरू करायची हे ठरवण्यातच माणसाची इतकी ताकद खर्च होते की एकदा ठरलं की बहुतेक जण जो पहिला नंबर मिळेल तिथे फोन करून अपॉइंटमेंट घेऊन मोकळे होतात, आणि मग फी कशी द्यायची, किती महिने यायचं, एखाद्या आठवड्यात जमलं नाही तर काय, मी जे बोलेन ते कुणाकुणाला कळू शकतं, हे सगळं विचारायचं राहूनच जातं. विचारायला भीड पण वाटते, आपण मनाचं दुखणं घेऊन आलोय आणि पैशाचं काय बोलत बसायचं असं वाटतं. पण मी जवळून बघितलंय, लोक थेरपी मधेच सोडतात तेव्हा बरेचदा असंच काहीतरी न बोललेलं कारण असतं. कॅन्सल केलेल्या सेशनचे पैसे लागले आणि मन खट्टू झालं, किंवा हे किती दिवस चालणार याचा अंदाजच नव्हता आणि बजेट संपलं. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय.

त्याआधी एक महत्त्वाचं. जीव द्यावासा वाटतोय, स्वतःला इजा करून घेताय, किंवा घरात कुणी मारहाण करतंय अशी वेळ असेल तर प्रायव्हेट थेरपिस्टच्या पुढच्या मोकळ्या तारखेची वाट बघू नका. तुमच्या भागातली हेल्पलाइन, जवळच्या हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग किंवा आत्ता येऊन शेजारी बसेल असं जवळचं माणूस, यातलं जे लगेच मिळेल ते आधी. आठवड्यातून एकदा भेटणारी थेरपी अशा तातडीसाठी नसते, ती नंतर सुरू करता येते.

नेमकं कुणाकडे जायचं

सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएससारखं वैद्यकीय शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो औषधं लिहून देतो, थेरपी मात्र काहीच जण करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं शिक्षण मानसशास्त्राचं आणि ट्रेनिंग थेरपीचं व चाचण्यांचं. काउन्सेलर, सायकोथेरपिस्ट ही नावं मात्र बघून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी ही नावं लावायला कायद्याने काही बंधनच नाही, अगदी ब्रिटनमध्ये सुद्धा 'सायकोथेरपिस्ट' किंवा 'काउन्सेलर' हे पद कायद्याने राखीव नाही. म्हणजे वीकेंडचा कोर्स केलेला माणूस आणि कित्येक वर्षं ट्रेनिंग घेतलेला माणूस, दोघांच्या दारावर एकच पाटी असू शकते. त्यामुळे डिग्री कोणती, रजिस्ट्रेशन कुठे आहे हे सरळ विचारा आणि त्या संस्थेची यादी ऑनलाइन असेल तर नाव स्वतः शोधा. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नाचा राग येत नाही. राग आलाच, तर तुमचं काम सोपं झालं.

अजून एक प्रश्न लोक विचारत नाहीत पण तो मला फार मोलाचा वाटतो, 'तुम्ही स्वतः सुपरव्हिजन घेता का?' थेरपिस्ट आपल्या केसेस नाव गाळून दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टशी नियमित बोलतात त्याला सुपरव्हिजन म्हणतात, आणि जो घेतो त्याचं काम कुणीतरी बघतंय एवढा दिलासा आपल्याला मिळतो.

थेरपीच्या आधी किंवा सोबत साधी रक्त तपासणी करून घेतलेली बरी. थायरॉइड मंद चालत असेल, बी१२ कमी असेल, हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तरी थकवा, उदासी, कशात मन न लागणं हे सगळं होतं आणि ते हुबेहूब डिप्रेशनसारखं दिसतं. आणि औषधं आधीपासून चालू असतील तर थेरपी सुरू झाली म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायलाच साधारण २ ते ६ आठवडे लागतात, आणि झटकन सोडल्या तर चक्कर, मळमळ, झोप बिघडणं, चिडचिड असले त्रास होऊ शकतात. डॉक्टरला विचारूनच काय ते करा.

पद्धत कोणती हे आपल्याला कळायला हवं का

थोडंफार कळलं तर बरं, पण त्यात अडकू नका. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणजे अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात उभी केलेली पद्धत, तिच्यात विचार, भावना आणि वागणं यांची साखळी तपासतात, घरी करायचा अभ्यास असतो आणि ती साधारण १२ ते २० सेशनमध्ये बसवलेली असते. ओसीडी (नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी तीच तीच कृती करत राहणं) असेल तर मात्र 'एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन', म्हणजे भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं पण ती कृती करायची नाही अशी पद्धत, येते का हे मुद्दाम विचारा, कारण ओसीडीत नुसत्या गप्पांनी आणि धीर देण्याने फारसं हाती लागत नाही, उलट धीर मागत राहणं हाच त्या आजाराचा भाग होऊन बसतो. जुना आघात असेल तर ट्रॉमावरची सीबीटी किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साथीने जुन्या आठवणींवर काम करणारी पद्धत), जी फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये सुरू केली. भावना आवरत नाहीत, स्वतःला इजा करायची ओढ वाटते अशांसाठी मार्शा लिनेहन यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी), तिच्यात एकट्याचं सेशन आणि ग्रुपमधला वर्ग असं दोन्ही असतं, म्हणजे वेळ आणि पैसा दुप्पट धरा. सायकोडायनॅमिक थेरपी बहुतेकदा लांब चालते, लहानपणापासूनच्या नात्यांचे धागे उलगडत जाते. 'मी सगळ्याच पद्धती वापरतो' असं उत्तर आलं तर 'मग माझ्यासारख्या त्रासात नेमकं काय कराल?' असं विचारा, तिथे उत्तर ठोस येतं की गोलगोल हे ऐकूनच कळतं.

पहिला मेसेज

दोन-तीन जणांना एकदम मेसेज करा, एकाच्या उत्तराची वाट बघत बसलात तर उत्साह मावळतो. मेसेजमध्ये आयुष्याची कहाणी लिहायची गरज नाही आणि खरं तर लिहूच नका, कारण तो मेसेज कोण वाचतंय हे अजून माहीत नाही, कधीकधी रिसेप्शनवरचं माणूस वाचत असतं. एवढं पुरे:

'नमस्कार, मला गेल्या काही महिन्यांपासून खूप काळजी वाटते आणि झोप लागत नाही, त्यासाठी थेरपी सुरू करायची आहे. तुम्ही सध्या नवीन क्लायंट घेता का? संध्याकाळी सहानंतरची वेळ मिळेल का? एका सेशनची फी किती आणि सेशन किती मिनिटांचं असतं? आधी दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? मला मेसेजवर उत्तर दिलं तरी चालेल, फोन करायचा असेल तर आधी विचारा.'

शेवटचं वाक्य घरी किंवा ऑफिसमध्ये ज्यांना हे कळू द्यायचं नाही त्यांच्यासाठी फार उपयोगी आहे. फोनवर बोलणं झालं की दोन गोष्टींकडे लक्ष द्या, त्यांनी तुमचं बोलणं मधे तोडलं का, आणि फोन ठेवल्यावर तुम्हाला थोडं हलकं वाटलं की छाती अजून दडपली. पहिल्या फोनवर 'शंभर टक्के बरं करतो' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

पैसे, आणि इथे भीड ठेवूच नका

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते या बाबतीत अगदी खरं आहे. एका सेशनची फी परवडते का हा हिशोब चुकीचा आहे, कमीत कमी तीन-चार महिने दर आठवड्याला परवडेल का हा हिशोब करा. १९८६ मध्ये केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी २४०० हून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून बघितली होती, त्यात साधारण निम्म्या लोकांना ८ सेशनपर्यंत फरक दिसला आणि २६ सेशनपर्यंत जवळपास ७५ टक्के लोकांना. म्हणजे दोन सेशनमध्ये काहीच वाटलं नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही, आणि वर्षभर काहीच हललं नाही तरी गप्प बसायचंही कारण नाही. तुमच्या खिशात फक्त आठ सेशनचे पैसे असतील तर ते पहिल्याच दिवशी सांगा, कारण आठ सेशनचं काम वेगळं आखावं लागतं, तेवढ्यात जुनी जखम उघडून ठेवायची आणि मग पैसे संपले म्हणून तसंच घरी जायचं असं व्हायला नको.

बरेच थेरपिस्ट काही जागा कमी फीसाठी ठेवतात, त्याला स्लायडिंग स्केल म्हणतात, पण स्वतःहून सगळेच सांगत नाहीत, विचारावं लागतं. 'मला इतकेच जमतील, तुमच्याकडे काही सोय आहे का, नसेल तर कुणाचं नाव सुचवाल का' इतकं साधं. ट्रेनिंग चालू असलेले थेरपिस्ट सुपरव्हिजनखाली कमी फीत बघतात, तोही चांगला पर्याय आहे. दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी यायचं असेल तर निदान सुरुवातीचा महिना-दीड महिना तरी दर आठवड्याला जा, नाहीतर प्रत्येक वेळी मधल्या पंधरा दिवसांत काय झालं हे सांगण्यातच सेशन संपतं.

दहा सेशनचं पॅकेज आधीच भरा म्हणजे डिस्काउंट, अशी ऑफर असेल तर दोन-तीन सेशन होईपर्यंत भरू नका, आणि भरलंच तर मधे सोडलं तर उरलेले पैसे परत मिळणार का हे लेखी घ्या. इन्शुरन्समधून पैसे मिळणार असतील तर एक गोष्ट माहीत असू द्या, क्लेमसाठी बहुतेक वेळा निदान लिहावं लागतं आणि ते तुमच्या रेकॉर्डला राहतं, ते तुम्हाला चालणार आहे का याचा विचार आधी करा.

आणि कॅन्सलेशन. बहुतेकांकडे २४ किंवा ४८ तास आधी कळवायचा नियम असतो, नाही कळवलं तर पूर्ण फी. ऐकायला कडक वाटतं पण तो तास तुमच्यासाठी अडवलेला असतो, आयत्या वेळी तिथे दुसरं कुणी येऊ शकत नाही. विचारायचं ते हे की अचानक ताप आला, घरात कुणाला अॅडमिट करावं लागलं तर सूट आहे का, त्याच आठवड्यात दुसरी वेळ मिळते का, मी पंधरा मिनिटं उशिरा आले तर वेळ पुढे सरकते का (बहुतेकदा नाही सरकत), थेरपिस्टने कॅन्सल केलं तर काय, त्यांची सुट्टी किती आधी सांगतात आणि फी वाढवताना किती आधी कळवतात.

बोललेलं कुठे जातं

तुम्ही बोललेलं गुप्त राहतं, पण त्याला मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच सेशनमध्ये ऐकून घ्यायच्या. साधारणपणे तुमच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला तुमच्याकडून धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा कोर्टाचा आदेश आला तर थेरपिस्टला ते इतरांना सांगावं लागू शकतं, नेमके नियम प्रत्येक देशात वेगळे. यातल्या दुसऱ्या मर्यादेमागे कॅलिफोर्नियातली तारासॉफ केस आहे. एका क्लायंटने थेरपिस्टला सांगितलं होतं की तो एका तरुणीला मारणार आहे, थेरपिस्टने पोलिसांना कळवलं पण तिला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही आणि १९६९ मध्ये तिचा खून झाला, मग १९७६ मध्ये कोर्टाने म्हटलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवायची जबाबदारी थेरपिस्टवरही येते.

आता 'कधीकधी वाटतं संपलेलं बरं' असं नुसतं म्हटलं म्हणजे लगेच घरी फोन जातो असं समजू नका, या भीतीने लोक सगळ्यात महत्त्वाची गोष्टच लपवतात. विचार येणं आणि ठरवून बसणं यातला फरक थेरपिस्टला कळतो, तो आधी तुमच्याशीच नीट बोलतो. तरी शंका असेल तर सरळ विचारा, 'मी असं काही बोलले तर तुम्ही नेमकं काय कराल?'

सोबत हेही विचारून घ्या: नोट्स काय लिहिता, कुठे ठेवता, किती वर्षं ठेवता, मला बघता येतील का. सेशन रेकॉर्ड करत असाल तर माझी परवानगी लागेल ना. बाहेर कुठे समोरासमोर आलो तर ओळख दाखवायची का (बहुतेक थेरपिस्ट तुम्ही दाखवली तरच दाखवतात). जोडप्याने जाणार असाल तर एकाने एकट्याने सांगितलेलं गुपित दुसऱ्यापासून ठेवणार का, यावर प्रत्येक थेरपिस्टचं धोरण वेगळं असतं आणि ते नंतर कळलं तर फार वाईट फाटतं. मुलाला पाठवत असाल तर आईवडिलांना काय सांगणार आणि काय नाही हे मुलाच्या समोरच ठरवून घ्या, नाहीतर मूल तोंड उघडणार नाही.

वेळ, जागा, ऑनलाइन

सेशन बहुतेक ५० मिनिटांचं असतं. ऑफिसच्या दोन मीटिंगच्या मधे ते कोंबू नका, नंतरचा निदान अर्धा तास मोकळा ठेवा, कारण रडून झाल्यावर लगेच कुणाशी कामाचं बोलता येत नाही. ऑनलाइन घेत असाल तर बंद दाराची खोली, हेडफोन, आणि घरात गर्दी असेल तर पार्क केलेली गाडी सुद्धा चालते, फक्त चालती गाडी नको. दाराबाहेर कुणी ऐकतंय अशी शंका असेल तर तुम्ही अर्धवटच बोलाल. नेट गेलं तर कोण कुणाला फोन करणार हे ठरवून ठेवा. थेरपिस्ट तुमचा आत्ताचा पत्ता आणि एखाद्या जवळच्या माणसाचा नंबर मागेल, ते चौकशीखोरपणातून नाही, काही झालं तर मदत पाठवायची कुठे हे माहीत असावं म्हणून.

पहिलं सेशन

पहिल्या सेशनला बरीचशी विचारपूस असते, झोप, भूक, घरची माणसं, आधीचे आजार, दारू, औषधं. कधीकधी फॉर्म देतात, जसं डिप्रेशन किती आहे ते मोजणारा पीएचक्यू-९, त्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो आणि बरेच जण तिथे पटकन ० वर खूण करून पुढे जातात. तिथे खरं तेच लिहा. हाच फॉर्म सहा-आठ आठवड्यांनी परत भरला की काही हललंय का ते आकड्यातही दिसतं, तुमच्या थेरपिस्टने दिला नाही तर तुम्ही मागा.

सगळं पहिल्याच दिवशी सांगून टाकायची सक्ती नाही. 'एक गोष्ट आहे पण ती आज बोलायची नाहीये' हे वाक्य पूर्ण चालतं. आणि असं खूपदा होतं बघा, ४५ मिनिटं इकडचं तिकडचं बोलून होतं, माणूस उठतो, बॅग खांद्याला लावतो, दाराशी पोचतो आणि मग म्हणतो 'अजून एक, ते तसं काही महत्त्वाचं नाही, पण...' आणि खरी गोष्ट तीच असते. तुमच्याकडून असं होत असेल तर पुढच्या सेशनची सुरुवातच त्या वाक्यापासून करा, फोनमध्ये लिहून ठेवा म्हणजे विसरलं असं म्हणता येणार नाही.

जमतंय की नाही हे कसं ओळखायचं

एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपिस्ट आणि क्लायंटच्या जोडीबद्दल तीन गोष्टी मांडल्या, कुठे पोचायचंय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. तीन-चार सेशन झाले की या तिन्ही स्वतःला विचारा. विश्वास वाटतो पण हे सगळं कशासाठी चाललंय तेच कळत नाही, असं असेल तर ते थेरपिस्टला सांगा, 'आपण कुठे चाललोय ते मला समजत नाहीये'. बरेच लोक तोंडावर 'छान चाललंय' म्हणतात आणि पुढच्या आठवड्यापासून फोन उचलत नाहीत. माझं प्रामाणिक मत आहे की नाराजी बोलून दाखवणं हा थेरपीतला सगळ्यात कामाचा तास ठरू शकतो, विशेषतः ज्यांना आयुष्यभर कुणाला नाही म्हणता आलं नाही त्यांच्यासाठी.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत थोडं जास्तच वाईट वाटू शकतं, दाबून ठेवलेलं वर येतं, झोपेत स्वप्नं पडतात, हे बहुतेकदा चालायचंच. पण सेशननंतर दर वेळी लाज वाटतेय, आपणच मूर्ख असं वाटतंय, तर ते अंगावर काढू नका. आणि काही गोष्टींवर तर एक सेकंदही थांबायचं नाही: थेरपिस्ट स्वतःचीच दुःखं सांगत बसतो, दुसऱ्या क्लायंटचं ओळखू येईल असं काही बोलतो, पैसे उसने मागतो, धंद्यात भागीदारी सुचवतो, घरच्यांशी बोलूच नका म्हणतो, किंवा शारीरिक जवळीक करतो. शेवटच्याला कुठलाही अपवाद नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत तर थेरपी संपल्यावरही किमान २ वर्षं असे संबंध ठेवायला मनाई आहे आणि त्यानंतरही ते जवळजवळ मनाईसारखंच धरलेलं आहे. असं काही झालं तर दोष तुमचा नाही, तक्रार त्यांच्या रजिस्ट्रेशनच्या संस्थेकडे करता येते, मेसेज आणि पावत्या जपून ठेवा.

दोन सेशनच्या मधे मेसेज केला तर उत्तर मिळतं का, कधी मिळतं, त्याचे पैसे लागतात का, हेही आधीच विचारा. रात्री दोनला मेसेज टाकून निळ्या खुणांकडे बघत बसण्याचा त्रास वाचतो.

थांबवताना

थेरपी सोडायची असेल तर मेसेज टाकून गायब होण्यापेक्षा शेवटचं एक सेशन घ्या, लांब चाललेली थेरपी असेल तर तीन-चार. त्यात काय बदललं, काय राहिलं, परत बिघडायला लागलं तर आधी कोणती लक्षणं दिसतील (झोप उडणं, फोन टाळणं, जे काही तुमचं असेल ते) आणि तेव्हा काय करायचं हे एका कागदावर उतरवून घ्या. दुसऱ्या थेरपिस्टकडे जाणार असाल तर आतापर्यंतच्या कामाचा छोटा सारांश लेखी मागा, म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही. आणि सहा महिन्यांनी परत यावंसं वाटलं तर थेट यायचं की वेटिंग लिस्टवर नाव घालायचं, फी जुनीच राहील की नवी, हेही निघायच्या आधी विचारून ठेवा.